वेशीच्या आतली घरे

अक्षय्य तृतीयेला घरात कोणाचे वर्षीतपाचे पारणे असो वा नसो, उसाच्या रसाच्या निमित्ताने पांगलेले कुटुंब एकदा जुन्या वाड्यात एकत्र येते. पुण्याला नोकरीत असलेला थोरला मुलगा, नागपूरचा धाकटा, अमरावतीला दिलेली आत्या, आणि गावातच पण तीन किलोमीटर दूर, नव्या ले-आउटमध्ये बंगला बांधून राहिलेले काका. बाहेर वैशाखाचे ऊन अंगाची लाही करीत असते. आत माजघरात, दोन हात जाडीच्या मातीच्या भिंतींमागे, पंख्याची गरज भासू नये इतका गारवा असतो. जेवणे उरकतात. मुले बंगईवर रेटारेटी करतात. आजी खांबाला टेकून जपमाळ घेते. आणि मग कोणीतरी घसा खाकरून तो प्रश्न विचारतोच : "मग, वाड्याचं काय ठरलं?"

ही बैठक कोणत्याही एका घरची नव्हे. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी, यांपैकी कोणत्याही गावाच्या जुन्या वस्तीत ती दर वर्षी भरते, आणि बहुतेक वर्षी निर्णयाविना उठते. प्रश्न एका घराचा वाटतो. पण ज्या गल्लीत ते घर उभे आहे त्या गल्लीचाही तो असतो, आणि गल्लीच्या टोकाला असलेल्या मंदिराचा किंवा स्थानकाचाही.

जुने म्हणताना कोणती वस्ती किती जुनी, हे आधी पाहिलेले बरे. यवतमाळ हे जिल्ह्याचे गाव असले तरी शहर म्हणून त्याचे वय फार नाही. मूळ नाव येवता अथवा यवता, आणि परगण्याचे ठिकाण म्हणून त्याला 'महाल' जोडला जाऊन पुढे 'माळ' झाले, अशी व्युत्पत्ती जुन्या गॅझेटियरात दिली आहे. 'आईन-इ-अकबरी'त हा परगणा 'योत-लोहारा' या नावाने येतो. लोहारा आजही शहराला लागूनच आहे. 1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. 1864 मध्ये वणी जिल्हा निर्माण झाला, त्याचे मुख्यालय यवतमाळला ठेवले गेले. जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले ते 1905 मध्ये. 1901 च्या शिरगणतीत गावाची लोकसंख्या होती अवघी 10,545. म्हणजे आज ज्याला 'जुने यवतमाळ' म्हणायचे ते बव्हंशी कचेरी आणि कापूस या दोन खांबांवर, दीड शतकाच्या आत उभे राहिलेले गाव आहे.

कापसाचा खांब अधिक भक्कम होता. अमेरिकेतील यादवी युद्धाने 1861 ते 1865 या काळात मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचे मोल आले. 1867 मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरला पोचला. यवतमाळच्या गाठी मात्र कित्येक वर्षे 29 मैलांच्या पक्क्या सडकेने बैलगाडीवरून धामणगावला जात. राजस्थानातून, गुजरातेतून, मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबांनी याच काळात इथे अडत आणि सावकारीच्या पेढ्या घातल्या. ओसवाल आले, खंडेलवाल आले. सैतवाळ आणि बघेरवाल हे तर या मुलखात आधीपासूनच रुजलेले होते. मग 1903 मध्ये मूर्तिजापूरहून 113 किलोमीटरचा अरुंद लोहमार्ग आला. त्यावर धावणाऱ्या 'शकुंतले'विषयी इतके लिहिले गेले आहे की तिची कहाणी पुन्हा सांगण्याचे कारण नाही. 1921 साली मँचेस्टरमध्ये बनलेले तिचे वाफेचे इंजिन 1994 पर्यंत चालले एवढे स्मरले तरी पुरे. पण त्या रुळांवरून गाठी गेल्या तशी माणसे आली आणि माणसांबरोबर घरांची रीतही आली.

पुढे पेढी, मागे घर, त्यामागे गोठा आणि विहीर, अशी ती रीत. रस्त्याच्या अंगाला ओटा. ओट्यावर गादी-तक्के आणि वह्यांची पेटी. दिंडी दरवाज्यातून आत गेले की चौक. चौकाभोवती ओसरी, सागाचे खांब, त्यांवर तुळया आणि कडीपाट. सागासाठी दूर जावे लागत नव्हते. जिल्ह्याच्या जंगलातील सागाला आजही नाव आहे. याच जंगलांवरील निर्बंधांविरुद्ध लोकनायक बापूजी अणे यांनी 10 जुलै 1930 रोजी पुसदला गवत कापून सत्याग्रह केला, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. वाड्याच्या खांबावर हात ठेवणाऱ्याने तो इतिहास आठवावाच असे नाही; पण खांब त्याच रानातला असतो.

भिंत मातीची, वर पांढऱ्या मातीचे धाबे किंवा कवेलू. पांढरी माती म्हणजे जुन्या गावठाणाची माती, पिढ्यान् पिढ्यांच्या वस्तीने भुरकट झालेली. ती चिकट असते, पाणी सहजी आत शिरू देत नाही. धाब्यावर ती दर वर्षी मृगापूर्वी नव्याने घालून, चोपून, उतार नीट करून द्यावी लागते. ज्या वर्षी हे काम चुकते त्या वर्षी आषाढात माजघरात पातेली मांडावी लागतात. घराशी माणसाचे नाते या चोपण्याने टिकते, असे म्हणण्याचा मोह होतो. खरे तर ते कंबर मोडणारे काम आहे आणि ते जाणणारे गवंडी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. मोह आवरावा हेच बरे.

जाड मातीच्या भिंतीचा गुण मात्र खरा आहे. दिवसाची उष्णता भिंतीच्या पोटात हळूहळू शिरते आणि ती आत पोचेपर्यंत सूर्य मावळलेला असतो. म्हणून दुपारी घर गार आणि रात्री किंचित उबदार. म्हणून उन्हाळ्यात झोपणे अंगणात वा धाब्यावर. चार इंच विटेच्या भिंतीला हे जमत नाही. नव्या बंगल्यातील काकांच्या घरी दुपारी वातानुकूलन यंत्र लावावेच लागते, आणि विजेचे देयक आले की जुन्या घराची आठवण निघते.

इथेच एक सार्वत्रिक चूक नोंदवली पाहिजे, कारण तिने अनेक घरे खाल्ली आहेत. भिंत जुनी दिसते, माती झडते, म्हणून हौसेने तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला जातो. मातीची भिंत जमिनीतील ओल वर ओढते आणि पृष्ठभागातून हवेत सोडून देते. हा तिचा श्वास. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा त्याला वाट देतो. सिमेंट ती वाट बुजवते. मग ओल आतच कोंडते, क्षार साचतात, भिंतीला लोणा लागतो, आणि चार-सहा वर्षांत वरून टणक दिसणाऱ्या कवचामागे भिंत भुसभुशीत झालेली असते. एखाद्या मुसळधार रात्री ती बसते. दुसऱ्या दिवशी सारे म्हणतात, वाडा जुना झाला होता. तो जुना होताच. पण पडला तो नव्या गिलाव्याने.

वाड्यातील विहिरीचा विचार वेगळा करायला हवा. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह या धरणांनी तळ गाठला आणि यवतमाळकरांनी पाण्याचे जे दिवस काढले ते कोणी विसरलेले नाही. ज्याच्या वाड्यात उपसलेली, राखलेली विहीर होती त्याला तिचे मोल सांगावे लागले नाही. पण जैन घराला विहीर हवी असते ती केवळ टंचाईसाठी नव्हे. पाणी दुहेरी वस्त्रातून गाळायचे, आणि गाळताना वस्त्रावर राहिलेले सूक्ष्म जीव जिथून आले तिथेच परत सोडायचे, ही 'जिवाणी'ची रीत दिगंबर घरांत कसोशीने पाळली जाई. त्यासाठी बुडाला कडी असलेली बालटी असते. ती पाण्याच्या पातळीपर्यंत अलगद उतरवून तिथेच पालथी करायची, वरून ओतायचे नाही. गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त, म्हणजे 48 मिनिटे. मुनींच्या आहाराचा चौका लागतो तेव्हा विहिरीच्या पाण्याचा आग्रह असतो तो याच कारणाने. कूपनलिकेत जिवाणी कशी सोडणार? सहा इंचांच्या नळीतून पाणी वर येते, परत जाण्याची वाट नसते. वाडा पाडताना सर्वांत आधी विहीर बुजवली जाते, कारण तळमजल्याच्या मोटारींना जागा हवी असते. आणि त्या गल्लीतील पुढच्या चातुर्मासात चौका कोणाच्या घरी लागणार, हा प्रश्न विहिरीबरोबरच मातीखाली जातो.

यवतमाळची वस्ती तरुण म्हटली, ती शेजारच्या कारंज्याशी ताडून. दारव्ह्याहून शकुंतलेच्याच मार्गावर, आता वाशीम जिल्ह्यात असलेले हे गाव. त्याला चार दिशांना चार वेशी : दिल्ली, मंगरूळ, पोहा आणि दारव्हा. यवतमाळकडून जाणारा दारव्हा वेशीतून आत शिरतो. डिसेंबर 1670 मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने कारंजे लुटले तेव्हा सुमारे एक कोटीचा ऐवज चार हजार बैल आणि गाढवांवर लादून नेला, असे इतिहासकार जदुनाथ सरकारांनी नोंदवले आहे. गावातील सधन माणसे खंडणीसाठी नेली गेली, आणि त्यांतला सर्वांत मोठा सावकार स्त्रीवेष घेऊन निसटला. ही नोंद वाचताना कोणाची मान ताठ होईल, कोणाची खाली जाईल. गाव किती श्रीमंत होते, हे मात्र त्यातून कळते. त्याच शतकात शीलविजय नावाच्या श्वेतांबर मुनींनी आपल्या तीर्थमालेत कारंज्याच्या धनवंत लोकांचा आणि दिगंबर मंदिरांचा उल्लेख केला. आणि लोकांच्या तोंडी आहे ती कस्तुरीच्या हवेलीची कथा : कस्तुरीचे उंट घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा लेकुरसंघई नावाच्या श्रेष्ठींनी सगळा माल विकत घेऊन बांधकाम चालू असलेल्या हवेलीच्या चुन्यात कालवला. दंतकथा आहे, दंतकथेइतकीच घ्यावी. पण चुन्यात काय घातले हे पिढ्यान् पिढ्या सांगणारे गाव घराकडे कसे पाहत असेल, ते तीतून दिसते.

कारंज्याला जुन्या वस्तीत तीन दिगंबर मंदिरे आहेत : सेनगणाचे, बलात्कारगणाचे आणि काष्ठासंघाचे. तिन्ही परंपरांच्या भट्टारकांची पीठे इथे होती. एका गावात, चालत जाण्याच्या अंतरावर, तीन गाद्या! त्यांच्यात मतभेद नव्हते असे कोण म्हणेल? पण तिघांनीही एक गोष्ट केली. ग्रंथ जमवले, त्यांच्या प्रती करवून घेतल्या, कापडाच्या बासनात गुंडाळून पेट्यांत ठेवल्या आणि दर वर्षी श्रुतपंचमीला त्या काढून पुसल्या, उन्हे दाखवली, पुन्हा बांधल्या. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात संशोधक या पेट्यांपर्यंत पोचले. 1926 मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडातील हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध झाली तिचे संपादक रायबहादूर हिरालाल. आणि पुढे कारंज्याचे अपभ्रंश ग्रंथ संपादित करणारे, अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील प्राध्यापक, ते डॉ. हिरालाल जैन. नावे सारखी असल्याने दोघांना एकच समजण्याची चूक अजून होते. डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादित केलेला पुष्पदंताचा 'जसहरचरिउ' 1931 मध्ये कारंजा ग्रंथमालेत निघाला. पाठोपाठ 'सावयधम्मदोहा', 'पाहुडदोहा', 'णायकुमारचरिउ', 'करकंडचरिउ' आले. दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात लिहिणारा पुष्पदंत हजार वर्षांनी पुन्हा वाचला गेला, त्यात वऱ्हाडातल्या या अरुंद गल्ल्यांचा वाटा मोठा होता.

ते ग्रंथ वाचले ते कशामुळे? त्यांना कोणी काचेच्या कपाटात कुलूपबंद केले नव्हते. ज्या इमारतीत ते होते त्या इमारतीत रोज सकाळी कोणीतरी झाडू मारीत होते, कोणीतरी अभिषेकाला येत होते, पावसात कौल फुटले तर त्याच दिवशी कोणाच्या तरी ध्यानात येत होते. वाळवी रिकाम्या घराला आधी गाठते. 1918 मध्ये कारंज्यात महावीर ब्रह्मचर्याश्रम स्थापन झाला. पुढे समंतभद्र महाराज म्हणून ओळखले गेलेले त्याचे संस्थापक आणि त्यांना साथ देणारी कारंज्याची कुटुंबे यांना हे गाव सोयीचे वाटले, ते इथे वस्ती जिवंत होती म्हणूनच.

आता गावभागातून लोक बाहेर पडतात ते का, हेही सरळ सांगितले पाहिजे. जुन्या वाड्याचे गोडवे गाणाऱ्यांत पुरुषांची संख्या अधिक असते, ही गोष्ट सहज लक्षात येण्याजोगी आहे. घरातील सून वेगळे सांगते. चुलीच्या धुराने काळवंडलेल्या स्वयंपाकघरात खिडकी नव्हती. न्हाणी चौकाच्या कोपऱ्यात, शौचकूप पार मागे, गोठ्यापलीकडे. रात्री कंदील घेऊन जावे लागे. नवविवाहितेला स्वतःची म्हणावी अशी खोली नसे. विहिरीचे पाणी सासरे शेंदत नसत. अंगण सारवायचे, भिंती पोतारायच्या, धाब्यावरची वाळवणे राखायची, सारे तिच्याकडे. तिने ले-आउटमधील दोन खोल्यांचे, फरशीचे, स्वतंत्र मोरीचे घर मागितले तर तिने परंपरा सोडली असे म्हणणाऱ्याने आधी एक महिना तिचे काम करून पाहावे. शिवाय गल्लीत रुग्णवाहिका शिरत नाही. आजीला अर्ध्या रात्री खुर्चीवर बसवून चौकापर्यंत न्यावे लागले, ती रात्र कुटुंबातील कोणी विसरत नाही. वाडा सोडण्याचा निर्णय पुष्कळदा अशाच एका रात्रीत होतो.

म्हणून जे गेले त्यांच्यावर दोष नाही. पण एक घर गेले की मागे राहणाऱ्याचे ओझे वाढते, हे जाणाऱ्याला दिसत नाही. गल्लीत तीस घरे होती तेव्हा मंदिराच्या अभिषेकाची पाळी महिन्यातून एकदा येई. दहा उरली, पाळी दर दहा दिवसांनी. चार उरली की पगारी पुजारी ठेवावा लागतो, आणि त्याचा पगार द्यायला वर्गणी बाहेर राहणाऱ्यांकडून मागावी लागते. साधू-साध्वींचा विहार अनवाणी. गोचरीला स्थानकाजवळची घरे हवीत. सूर्यास्तापूर्वी सारे उरकायला हवे. तीन किलोमीटरवरच्या बंगल्यातून भाविक मोटारीने दर्शनाला येऊ शकतो, पण साध्वीजी मोटारीने त्याच्या घरी गोचरीला जाऊ शकत नाहीत. नव्या वस्तीत नवे मंदिर बांधता येते आणि अनेक ठिकाणी ते बांधले गेले आहे. तेही चांगलेच. तरी मग जुन्या मंदिरातील मूर्तींचे काय, हा प्रश्न उरतो. वेदीवर बसलेल्या, प्रतिष्ठा झालेल्या मूर्ती सामानासारख्या ट्रकमध्ये भरता येत नाहीत. त्यांचे स्थानांतर विधिपूर्वक करायचे म्हटले की गावातील जाणती माणसे गप्प होतात.

बैठकीत मात्र हे विषय मागाहून येतात. आधी येतो तो हिस्सा.

थोरल्याच्या मते जागेला आज भाव आहे, बाजार लागून आहे, खाली दुकाने काढून वर सदनिका बांधल्या तर प्रत्येकाच्या पदरात काहीतरी पडेल. काकांनी एका ठेकेदाराकडून अंदाज आणलेला असतो. त्या ठेकेदाराला जागेपेक्षा सागात अधिक रस असतो. शंभर वर्षे मुरलेला साग, गाठ नाही, कीड नाही. ते खांब, ती कोरीव चौकट, तो दिंडी दरवाजा मोठ्या शहरातील एखाद्या उपाहारगृहात किंवा फार्महाउसवर बसवला की त्याचे मोल वाड्याच्या मालकाला दिलेल्या रकमेच्या कितीतरी पट होते. जुन्या लाकडाचा सौदा वजनावर किंवा ढिगावर करू नये, खांब नि खांब मोजून, मापून, दोघा-तिघांकडून दर घेऊनच करावा, एवढे तरी प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवावे. घर जाते ते जाते. निदान फसवणुकीत जाऊ नये.

आत्या आतापर्यंत बोललेली नसते. तिला कोणी विचारतही नाही. पण 2005 च्या दुरुस्तीने हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क मिळाला. हा कायदा जैनांनाही लागू आहे. आणि 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील हयात होते की नव्हते याने त्या हक्काला बाध येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर वाटणी झालेली असेल तर गोष्ट निराळी. वडिलोपार्जित वाड्याच्या कागदावर तिची सही लागतेच. "मला काही नको," असे ती म्हणते तेव्हा भावांना हायसे वाटते. "पण विकू नका," असे ती पुढे म्हणते तेव्हा हायसे वाटणे थांबते.

मग आखीव पत्रिका काढली जाते. तिच्यावर नाव आजोबांचेच असते. त्यांच्या मृत्यूनंतर फेरफार झालेला नसतो. जागा नझूलच्या पट्ट्याची असेल तर पट्ट्याचे नूतनीकरण राहून गेलेले असते. ओट्याच्या दुकानात पन्नास वर्षांपासूनचा भाडेकरू असतो, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण त्याला असते, आणि भाडे इतके थोडे की ते वसूल करायला जाणे कमीपणाचे वाटावे. अशा वेळी कोणी म्हणतो, सरकार मदत करत नाही का जुन्या वास्तूंना? 1960 चा राज्याचा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. पण तो घोषित झालेल्या स्मारकांपुरता. मुंबईला 1995 पासून वारसा नियमावली आहे. नगरपालिकेच्या गावात अशी यादी झाली आणि तिच्यात वाड्याचे नाव आले, तरी पाडण्याला अडसर होईल. धाबे चोपण्याचा खर्च यादी देत नाही. तो घरधन्यालाच करावा लागतो.

काही घरांनी मधला मार्ग काढलेला दिसतो. सारा वाडा राखणे झेपत नाही, तर पुढचा सोपा आणि विहीर राखायची, मागच्या पडवीत पक्के बांधकाम करून शौचकूप, न्हाणी आणि आजीसाठी पायऱ्यांविना खोली काढायची. माडी शिकणाऱ्या मुलांना भाड्याने द्यायची. जिल्ह्याच्या ठिकाणी अशा भाडेकरूंची वाण नसते. कुठे ओट्याची पेढी रिकामी होती तिथे पाठशाळा भरते. कुठे तीन भावांनी मिळून एक बँक खाते उघडले आणि दर महिन्याला ठरावीक रक्कम दुरुस्तीसाठी टाकायचे ठरवले. दुसऱ्या वर्षापासून एकाची रक्कम येईनाशी होते, हेही खरे, पण पहिल्या वर्षीच्या पैशांत कवेलू बदलून झालेले असतात. हे उपाय फार थोर नाहीत. वाड्याला ते आणखी दहा-पंधरा पावसाळे देतात, इतकेच.

आणि कागदपत्रे? पेढीच्या पेटीत मोडीतल्या, महाजनी लिपीतल्या वह्या असतात : कोणत्या साली कोणाकडून किती कापूस आला, कोणाच्या मुलीच्या लग्नाला किती उचल दिली, दुष्काळात कोणाचे देणे सोडले, कोणाचे सोडले नाही. त्यांतले सारेच भूषणावह नसते. पण वाडा रिकामा करताना या वह्या सर्वांआधी रद्दीत जातात, कारण वाचता येणारे कोणी नसते. कारंज्याच्या बासनांना जी माणसे लाभली ती या वह्यांना लाभली नाहीत. ग्रंथ वंदनीय, वही व्यवहाराची. एवढाच काय तो फरक. वाड्याचे काहीही होवो, पेटी आधी बाहेर काढून कोरड्या जागी ठेवायला पैसे पडत नाहीत.

उन्हे कलतात. सूर्यास्ताआधीच्या जेवणासाठी आतून हाक येते. थोरला मोबाइलवर जागेचा दर पुन्हा एकदा मोजतो, काका ठेकेदाराचा कागद घडी घालून खिशात ठेवतात. आत्या विहिरीकडे गेलेली असते. कठड्यावर कडीची बालटी अजून तशीच टांगलेली आहे, तळाची कडी गंजली आहे का ते ती बोट फिरवून पाहते.

"दिवाळीला बसू," धाकटा म्हणतो.

"दिवाळीचं दिवाळीला," आजी जपमाळ कोनाड्यात ठेवीत म्हणते. "मृग आता जवळ आला. त्या गवंड्याला आधी निरोप धाडा, मागच्या वर्षी माजघराच्या कोपऱ्यात गळत होतं. आणि म्हणावं, सिमेंट आणू नको."